जळल्या माळावरची राखण

सात आठवडे पावसाचा थेंब नव्हता. औलेट माळावर पाय ठेवला की हेदरची झुडपं पापडासारखी मोडायची. एरवी जिथं घोट्यापर्यंत चिखल असायचा, तिथली पीटची काळी माती भेगाळली होती. ही माती वाळली की सरपणासारखी जळते. वारा सुटला की तिची धूळ खाली घरापर्यंत यायची आणि नेलनं वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागायच्या.

त्या मंगळवारी दुपारी नेल तिसऱ्यांदा चादरी झटकत होती. लाल पाठीच्या किड्यांचा त्या सालात नुसता सुळसुळाट झाला होता. चादरीच्या घड्यांतूनही ते गळत होते. मान वर केली तर माळाच्या डोक्यावर तिला धूर दिसला. चुलीच्या धुरासारखा निळा नव्हता. पिवळट आणि बुटका होता, जमिनीला चिकटून सरकत होता.

"हेस्टर!" तिनं हाक मारली. "वर पेटलंय गं!"

हेस्टर गोठ्यातून बाहेर आली. तिनं धुराकडं पाहिलं, मग दाराशी टांगलेल्या कापडाच्या चिंधीकडं. वारा कुठला ते बघितलं. भिंतीला टेकवलेला झोडा उचलला, शीळ घालून टिब कुत्रीला बोलावलं आणि परसातलं फाटक उघडून चालायला लागली. लांब दांड्याच्या टोकाला गिरणीतल्या जुन्या पट्ट्याचं रबर ठोकलेलं, तो झोडा. आग झोडपून विझवायला त्याहून चांगलं हत्यार त्या भागात कुणाकडंच नव्हतं.

"पाणी तरी घेऊन जा!" नेल मागून ओरडली.

"तूच पी," हेस्टर न वळता म्हणाली.

नणंद-भावजयीचं हे असंच चालायचं. हेस्टर बॅरक्लफ एकसष्ट वर्षांची, बिनलग्नाची. बापानंतर मेंढरं तिनंच राखली. नेल बावन्नची. हॅलिफॅक्सच्या गालिच्यांच्या गिरणीत मागावर उभी राहायची. हेस्टरचा भाऊ क्लेमंट तिला लग्न करून इथं घेऊन आला. क्लेमंट छातीच्या दुखण्यानं जाऊन आठ वर्षं झाली होती. नेल परत गेली नाही आणि हेस्टरनंही तिला कधी जा म्हटलं नाही. फाटकाच्या अलीकडं नेल, पलीकडं हेस्टर. सव्वीस वर्षांत नेल माळावर चढली असेल तर बिलबेरीची जंगली फळं वेचायला, तीही काठाकाठानं. मेंढरं तिला आवडायची नाहीत. "ती माझ्याकडं मुकादमासारखी बघतात," असं ती म्हणायची.

दोन दिवसांत सगळं खोरं माळावर जमलं. बंबवाले आले, पण त्यांची गाडी खाणीच्या वाटेच्या वर जाईना आणि पाण्याची नळी अर्ध्यातच संपली. मग तेही झोडे घेऊन रांगेत उभे राहिले. हेस्टरनं पहिल्याच दुपारी टिबच्या मदतीनं सगळा कळप ओढ्याकाठच्या ओलसर पट्ट्यात उतरवून ठेवला आणि परत रांगेत गेली. नेल खालून चहाचे मोठे डबे आणि चीजचे सँडविच वर पाठवत होती. परत येणाऱ्या माणसांच्या भुवया जळालेल्या असायच्या. बंबवाले खायला बसायचे ते नेहमी आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर, तोंड आगीकडं करून. नेलनं हे फाटकातून पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी चौघांनी मिळून हेस्टरला एका जुन्या दारावर घालून खाली आणलं. वरून जमीन धड दिसत होती, आत पीट जळून पोकळ झालं होतं. पाय घोट्याच्या वरपर्यंत निखाऱ्यात गेला. बुटाचं चामडं कातडीला चिकटलं होतं.

"मेंढरं..." हेस्टर म्हणाली.

"गप्प बस," नेल म्हणाली आणि तिच्या तोंडावरची काजळी पदराएवढ्या रुमालानं पुसायला लागली. हेस्टरनं तोंड वळवलं नाही, तेव्हा नेल घाबरली.

बारा दिवसांनी हेस्टर दवाखान्यातून घरी आली. पाय पट्ट्यांत गुंडाळलेला. सप्टेंबरपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आग तोवर आटोक्यात आली होती. नुसते इथं-तिथं धुराचे धागे निघत. पण औलेट माळाच्या तीन हिश्श्यांतले दोन हिस्से काळे झाले होते. उरला होता ओढ्याकाठचा पट्टा आणि त्याला लागून हद्दीच्या दगडी खुणांपलीकडं शेजारच्या विल्फ अटलीचं हिरवं, लव्हाळ्याचं रान.

माळावर कुंपण नाही. आईमागं फिरता फिरता कोकरू शिकतं, आपला थारा कुठवर. त्याची आई तिच्या आईमागं फिरून शिकलेली असते. हेस्टरच्या आजोबांच्या काळापासून त्या कळपाला कुणी हद्द दाखवली नव्हती, कारण ती त्यांना माहीत होती. आता थाराच जळाला. भुकेली मेंढरं अटलीच्या रानाकडं वळू लागली होती. एकदा तिकडं रमली, त्याच्या कळपात मिसळली, की मग हद्द विसरणार. पुढची कोकरं तिथलीच होणार. हद्द विसरलेला कळप माळावर ठेवता येत नाही, विकावाच लागतो.

विल्फ अटली भेटायला आला तो टोपी हातात घेऊन. साठीचा, लालबुंद मानेचा माणूस. बसला, पायाची चौकशी केली, मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हेस्टर, मी काय म्हणतो, मलाच दे सगळी. परक्याकडं नको जायला. नीट सांभाळीन."

"मी मेले नाही अजून."

"तसं कुठं म्हणतोय मी? पण राखण कोण करणार? पहाटेपासून अंधार पडेस्तोवर हद्दीवर उभं राहायला पाहिजे माणूस. माझी सगळी माणसं गवत कापायला लागलीत."

"नेल आहे," हेस्टर म्हणाली.

चहा ओतता ओतता नेलच्या हातातली किटली थांबली. विल्फनं तिच्याकडं पाहिलं, तिच्या चपलांकडं पाहिलं आणि हसू दाबायला कप तोंडाला लावला.

तो गेल्यावर नेल म्हणाली, "मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय. त्याच्यासमोर नाही म्हणाली नाहीस ना? झालं."

दुसऱ्या दिवशी पहाटे नेल क्लेमंटचे बूट वर्तमानपत्राचे बोळे घालून चढवून, हातात काठी घेऊन माळावर गेली. पहिली अडचण टिबची. टिबला हेस्टरच्या शिळा कळायच्या: एक लांब, दोन आखूड, चढती, उतरती. नेलला शीळच येत नव्हती. ओठांतून नुसती हवा जायची. टिब बसून तिच्याकडं सहानुभूतीनं बघत राहिली. तिला नेलचा एकच शब्द माहीत होता. रोज संध्याकाळी मागच्या दारात नेल ओरडायची तो: "भांडं!" म्हणजे चाटायचं भांडं.

दहा वाजेपर्यंत तीसेक मेंढरं दगडी खुणा ओलांडून गेली. नेल मागं धावली तशी ती आणखी पुढं गेली. शेवटी तिला अटलीच्या वाड्यावर जावं लागलं. अंगणात गवत कापणारी माणसं न्याहारीला बसली होती. विल्फ मध्ये होता.

"विल्फ, माझी मेंढरं तुझ्याकडं आलीत."

"हो का?" विल्फ म्हणाला. "बस. चहा संपवतो."

बसायला जागा नव्हती. ती उभी राहिली. गुडघ्यापर्यंत काळी, केस विस्कटलेले, बुटातून वर्तमानपत्राचा कोपरा बाहेर आलेला. एका गड्यानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं खाली मान घालून हसले. विल्फनं चहा संपवला, दुसरा कप घेतला, तोही संपवला. मग कुत्रा घेऊन आला आणि दहा मिनिटांत तीस मेंढरं खुणांच्या अलीकडं आणून सोडली.

"रोज जमणार नाही मला," तो म्हणाला.

"रोज येणार नाही मी," नेल म्हणाली. पण घरी पोचेपर्यंत तिचे डोळे भरून आले होते. धुळीनं, असं तिनं हेस्टरला सांगितलं.

हेस्टर पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सगळ्यांच्या मागं धावलीस?"

"मग कुणाच्या मागं धावायचं?"

"एकीच्या. डावं शिंग मोडलेली म्हातारी आहे बघ. ती वळली की सगळी वळतात. बाकीच्यांकडं बघायचंच नाही. आणि मागून नाही जायचं कधी, बाजूनं जायचं. गिरणीत काय शिकलीस गं तू?"

"गिरणीत धागे पळून जात नाहीत," नेल म्हणाली.

मोडक्या शिंगाची ती म्हातारी दुसऱ्या दिवशी सापडली. रुंद कपाळ, खाली लोंबणारं ओठाचं टोक आणि सगळ्यांचं चुकतंय अशी नजर. नेलला ताबडतोब गिरणीतली मुकादमीण आठवली. "मिसेस पिकल्स," ती मोठ्यानं म्हणाली. मेंढीनं मान वर केली.

टिबचाही मार्ग तिनंच काढला. जिथं मेंढरं जायला नकोत तिथं आपण आधी धावत जाऊन उभं राहायचं आणि जोरात ओरडायचं, "भांडं!" सव्वीस वर्षांपूर्वी दोनशे मागांच्या खडखडाटावरून ऐकू जाणारा तो आवाज होता, अजून शाबूत होता. टिब कळपाच्या पलीकडून सुसाट तिच्याकडं यायची आणि तिला वाटेत बघून मेंढरं आपोआप मागं वळायची. टिबला दर वेळी ब्रेडचा तुकडा द्यावा लागायचा. वरच्या खाणीच्या वाटेनं जाणारी माणसं हे बघायला थांबू लागली. "भांडं!" असं कुणीतरी रस्त्यावरून ओरडायचं आणि टिब बिचारी दोन्हीकडं बघायची.

दिवस एकासारखा एक चालले होते. नेल पहाटे चारला निघायची, उजाडता हद्दीवर उभी राहायची. मानेची कातडी भाजून सोलली, पुन्हा भाजली, मग तपकिरी झाली. टाचांचे फोड फुटून कडक झाले. दातांखाली सतत पीटची धूळ कचकचायची. दुपारी मेंढरं ओढ्याच्या कडेला सावलीत बसली की तीही बसायची, बूट काढून पाय पाण्यात सोडायची. ओढा एवढासा उरला होता, पण गार होता. एक दिवस तिला जाणवलं की तासभर ती काहीच करत नव्हती, कशाचाच विचार करत नव्हती, नुसती मेंढरांच्या रवंथाचा आवाज ऐकत होती. आणि तिला बरं वाटत होतं. घरी कामाचा ढीग पडला होता, तरी बरं वाटत होतं.

संध्याकाळी हेस्टरची उलटतपासणी व्हायची.

"वरच्या बाजूला किती वेळ होती? ओढ्याला कधी उतरली? लंगडत कुणी होतं?"

"एक लंगडत होती. मी तिच्या खुरातला खडा काढला."

"तू?"

"मग काय मिसेस पिकल्सनं?"

"मेंढरांना नावं द्यायची नसतात," हेस्टर चिडून म्हणाली. "लोक हसतील."

"हसतातच."

आठवड्याभरानं हेस्टर बटाटे सोलता सोलता, नेलकडं न बघता म्हणाली, "आज पिकल्सबाई कुठं चरत होत्या?"

बटाटे आता हेस्टर सोलायची. पलंगावरून खुर्चीवर आली होती, पाय स्टुलावर. सोलायची म्हणजे अर्धा बटाटा सालाबरोबर जायचा. एक गोष्ट नेलनं हेस्टरपासून लपवली होती. मिसेस पिकल्सला ती रोज ब्रेडची कड खायला द्यायची. मेंढराला हातानं भरवणं हेस्टरच्या लेखी पाप होतं.

ऑगस्ट संपत आला तेव्हा एका दुपारी वारा फिरला. इतके दिवस तो खालून वर जायचा; आता वरून खाली आला, कोरडा आणि झोंबणारा. जळलेल्या भागाच्या काठावर एक धुराचा धागा होता, नेल तो दहा दिवसांपासून बघत होती, बंबवाल्यांना दोनदा सांगूनही आली होती. त्या धाग्याच्या मुळाशी एकदम केशरी जीभ उठली. मग तिच्या शेजारी दुसरी. वाळलेल्या गवताला आग लागली आणि ती ओढ्याकाठच्या पट्ट्याकडं, थेट कळपाकडं निघाली.

मेंढरं उठून उभी राहिली. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली: अटलीचं हिरवं रान.

नेलनंही तिकडं पाहिलं. दगडी खुणांच्या खाली विल्फच्या गवताच्या शेताचं फाटक दिसत होतं. सताड उघडं. इतके दिवस ते बंद असायचं. नुसतं हाकलायचं होतं. पाच मिनिटांत सगळी मेंढरं आत, सुखरूप. कुणी नावं ठेवली नसती. आणि मग तिथून ती परत आली नसती, आली तरी रोज पळाली असती, आणि हेस्टर खिडकीत बसून ते बघत राहिली असती.

तिनं दुसऱ्या बाजूला पाहिलं. वाऱ्याच्या आडव्या अंगाला जळलेला माळ पसरला होता. काळा, उघडा, आग लागायला काडीही न उरलेला.

ती धावत खुणांपाशी गेली, "भांडं!" म्हणून किंचाळली, टिबनं कळप अडवला. मग नेल मिसेस पिकल्सपाशी आली, खिशातून ब्रेड काढला आणि तिच्या नाकासमोर धरून काळ्या जमिनीकडं मागं मागं सरकू लागली. म्हातारी दोन पावलं आली. राखेचा वास आला तशी थांबली, पाय आपटला.

"चला बाई," नेल म्हणाली. "चला, उशीर झालाय. पाळीचा भोंगा झालाय. चला."

धूर आता तिच्या घशात जात होता. मेंढी तिच्याकडं बघत राहिली, मग ओठ पुढं करून ब्रेड धरला आणि काळ्यात पाय टाकला. मागं एक आली, मग दहा आली, मग टिबनं कडेनं रेटल्यावर सगळी. नेल पुढं काठीनं जमीन ठोकत चालली. पांढरी राख दिसली की वळसा घालायचा, हेस्टरनं सांगितलं होतं, काळी चालेल. तळव्यांना बुटांतून ऊब लागत होती. शंभर-दीडशे पावलं आत गेल्यावर तिनं थांबून मागं पाहिलं. कळप तिच्याभोवती दाटीनं उभा होता, सगळ्यांची पोटं खालीवर होत होती. तिनं मिसेस पिकल्सच्या पाठीवर हात टेकला.

तिथून तिला दिसलं: गवताच्या शेतातून माणसं धावत वर येत होती. सात-आठ जण, हातांत झोडे, फावडी, ओली पोती. पुढं विल्फ अटली, सदऱ्याच्या बाह्या वर केलेला. ती सगळी ओढ्याच्या अलीकडं ओळीनं उभी राहिली आणि झोडपायला लागली. तासभर आवाज येत राहिला, धप् धप्. पट्ट्याचा वरचा कोपरा गेला. ओढ्याशी आग थांबली.

संध्याकाळी विल्फ काळ्या जमिनीवरून तिच्याकडं चालत आला. भुवया जळालेल्या, ओठ सुकलेले. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं ती रिकामी केली.

"फाटक उघडं ठेवलं होतं मी," तो म्हणाला. "धूर दिसल्याबरोबर."

"पाहिलं मी."

"मग?"

"मग काय. पाहिलं."

विल्फनं कळपाकडं पाहिलं. पाठींवरचे हेस्टरच्या खुणेचे लाल पट्टे राखेनं करडे झाले होते. "हेस्टरला सुद्धा ही या काळ्यात घालता आली नसती," तो म्हणाला.

"तिला सांगू नको," नेल म्हणाली. "ब्रेडचं तर अजिबातच नको."

पण त्यानं सांगितलं. त्याच संध्याकाळी, जाता जाता, खिडकीतून. नेल घरी पोचली तेव्हा हेस्टरनं ब्रेडची अख्खी लादी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "कडा कापून ठेव. उद्याला लागतील." मग तिनं नेलला समोर बसायला लावून तिचे बूट स्वतःच्या हातानं सोडले, तळव्यांवरून अंगठा फिरवून कुठं भाजलंय का ते बघितलं, आणि भाजलेलं नाही म्हटल्यावर नेलचा पाय बाजूला सारला.

सप्टेंबरात पाऊस आला तो थांबायलाच तयार नव्हता. जळलेल्या भागाच्या कडांनी हिरवी टोकं फुटली. हेस्टर काठी घेऊन हळूहळू वर जाऊ लागली, पण अर्ध्या वाटेवरच्या दगडावर बसून राहायची आणि नेलला सूचना ओरडायची. मेंढरांना आता वळवावं लागत नव्हतं. ती खुणांपर्यंत चरत जायची आणि आपणहून मागं फिरायची. नेल तरी रोज जात होती. कुणी कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

नोव्हेंबरात खालच्या गावातल्या पबाच्या अंगणात खोऱ्यातले सगळे मेंढपाळ जमतात. वर्षभरात ज्याच्याकडं दुसऱ्याची मेंढरं चुकून आली असतील, त्यानं ती आणून परत करायची. मग आत बसून मटण-बटाटा भरून भाजलेली पाई खायची. सव्वीस वर्षांत नेल तिथं कधी गेली नव्हती. त्या दिवशी हेस्टर तिच्या आधारानं आली, बाकावर बसली आणि पाय पुढं पसरला.

एकेकानं आपापली चुकार मेंढरं दाखवली. नावं पुकारली गेली. बॅरक्लफांची कुणाकडं आहेत का, असं विचारलं तेव्हा कुणी हात वर केला नाही.

"विल्फ?" कुणीतरी विचारलं. "तुझ्याकडं नक्की असतील."

"एकही नाही," विल्फ म्हणाला. "रोज मोजतो. एकही नाही."

तेव्हा नेल अंगणाच्या टोकाला गेली, लाकडी अडसर काढला आणि दोन मेंढ्या पुढं घालून आली. पुठ्ठ्यांवर निळे पट्टे. विल्फचे.

"या दोघी आमच्याकडं असतात," ती म्हणाली. "दोनदा हाकलल्या. परत येतात. तुझं गवत कसं आहे रे विल्फ?"

अंगण हसण्यानं दणाणलं. विल्फची मान आणखी लाल झाली, पण तोही हसत होता, डोळे पुसत होता. आत गेल्यावर त्यानं सरकून बाकावर जागा केली आणि नेल त्याच्या आणि हेस्टरच्या मध्ये बसली. पाईचं कवच ओलं राहिलं होतं. तिनं काट्यानं उचलून खालून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. पण भूक लागली होती. सगळी खाल्ली.

"काय गं नेल," विल्फ म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात माझ्याकडं येतेस का हद्द राखायला? खाऊनपिऊन?"

नेल उत्तर देणार तेवढ्यात हेस्टर तोंडातला घास न गिळताच म्हणाली,

"तिला कुठली सवड? तिची स्वतःची मेंढरं आहेत."

नेलनं तिच्याकडं पाहिलं. हेस्टर पाईच्या तुकड्यात गुंतली होती. मग नेलनं कप पुढं केला आणि आणखी चहा मागितला.